फुंकर

प्रयोगशाळेत तिला सगळे जाळीवाल्या बाई म्हणत. काम डोळे फोडणारं. सिरिंजमध्ये मधासारखं घट्ट द्रावण भरायचं आणि सुईला हजारो व्होल्ट द्यायचे. सुईच्या टोकावरचा थेंब ताणला जातो आणि त्यातून दिसेल न दिसेल असा धागा सुटतो. समोरच्या फिरत्या ड्रमवर तो बसत जातो. संध्याकाळपर्यंत भाजलेल्या जखमेवर लावायची पांढरी, फुंकरीने उडेल अशी जाळी तयार. ड्रमला अर्थिंगचा चिमटा तेवढा न विसरता लावायचा. नाहीतर धागा जवळ जे सापडेल त्याच्याकडे वळतो, मग तो पत्रा असो की माणूस.

ती विसरणाऱ्यातली नव्हती. पण त्या दिवसांत तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. तिच्या लेकीने, टिल्लीने, तापलेल्या इस्त्रीवर उजवा तळवा टेकवला होता. कातडी धरत नव्हती. बोटं आखडतील, असं डॉक्टर म्हणाले होते. पट्टी बदलताना पोरगी घर डोक्यावर घ्यायची.

"आई, फुंकर घाल ना गं!"

आई फुंकर घालत राहायची. तेवढाच उतार पडायचा.

जाळी माणसांवर वापरायची परवानगी अजून आली नव्हती. तरी तिने ड्रमवरची एक गुपचूप घरी नेऊन लावून पाहिली. काडीचाही फरक पडला नाही.

मग एका दुपारी चिमटा लावायचा राहिला. तिचं उजवं कोपर लोखंडी टेबलाला टेकलेलं, तळवा सुईसमोर. मुंग्या आल्यासारखं झालं म्हणून पाहते तर हातावर दुधाची साय धरावी तसा पांढरा थर. सोलला तर अख्खा पंजा निघाला, बोटांवरच्या रेषांसकट. तो टाकून द्यायचं तिच्या जिवावर आलं.

घरी येऊन ती कात्री घेऊन बसली, कारण एवढ्याशा हाताला तो मोठा होणार हे उघड होतं. कात्री लागलीच नाही. मापाने शिवून आणल्यासारखा तो टिल्लीच्या तळव्यावर बसला.

पुढची पट्टी सोडली तेव्हा खाली कोवळी, गुलाबी कातडी होती.

"काय लावलंत हो?" डॉक्टरांनी विचारलं.

"तुमचंच मलम," ती म्हणाली.

बोटांच्या पेरांपाशी थोडं राहिलं होतं. तिने पुन्हा ड्रमला चिमटा लावला नाही, या वेळी मुद्दाम, आणि हात सुईसमोर धरला. मग आणखी एकदा. हा शुद्ध वेडेपणा आहे हे तिला कळत होतं. पण पोरीची बोटं सरळ होत होती, आणि त्यापुढे तिला काही सुचत नव्हतं.

हजेरीच्या यंत्राने तिचा अंगठा नाकारला तेव्हा तिने तो पदराला पुसून पुन्हा ठेवला. पुन्हा नकार.

"बाई, तुम्हीच येता ना कामावर, की तुमचं भूत?" स्टोअरकीपर हसला.

तीही हसली. मग खिडकीपाशी जाऊन तिने अंगठा उजेडात धरला. त्यावर एकही रेष नव्हती. तळवाही धुतलेल्या ताटलीसारखा कोरा.

घरी टिल्ली आईच्या मोबाइलवर खेळत बसली होती.

"लॉक कसं उघडलंस गं?"

"बोट ठेवलं की," टिल्ली म्हणाली. तिने मान वर केली नाही.

तिने पोरीचं बोट उजेडात धरलं. त्यानंतर हात सुईसमोर धरायचं तिने बंद केलं. हात मात्र सुन्न पडत गेला. चहाचा पेला गरम आहे की गार, हे तिला ओठांना लागल्यावर कळायचं. चालायचंच, ती स्वतःला समजवायची, पोरीचा हात तर वाचला.

टिल्ली पुन्हा शाळेत जाणार त्या सकाळी तिने धीर करून इस्त्री काढली. गणवेशाची कॉलर चुरगळली होती. इस्त्री उभी करून ती कपडा सरळ करू लागली.

"आई, माझा दुसरा मोजा?" आतून टिल्ली ओरडली.

"गादीखाली बघ!" तिने दाराकडे वळून सांगितलं.

आतून किंकाळी आली.

तिने खाली पाहिलं. तिचा उजवा तळवा इस्त्रीच्या तापल्या पत्र्यावर टेकला होता.

तिने हात ओढला. ना फोड, ना लाली. ती आत धावली. टिल्ली पलंगावर बसली होती, जवळपास गरम असं काहीच नव्हतं. तिचा तळवा लालबुंद झाला होता.

तिने तो हातात घेतला आणि फुंकर घालू लागली.

"फुंकर घाल ना गं!"

"घालतेय ना, सोन्या."

"नाही घालत तू! मला गार लागतच नाहीये!"

दम संपेपर्यंत ती फुंकत राहिली. पोरगी तळमळत होती.

मग तिने स्वतःचा कोरा तळवा उलटा केला. क्षणभर त्याच्याकडे पाहिलं. ओठांजवळ आणून त्यावर हळूच फुंकर घातली.

टिल्लीचं रडणं थांबलं.

"हां," ती मुसमुसत म्हणाली. "आता गार लागतंय. थांबू नकोस."