वाकवलेल्या पत्र्याखाली

आमचं मशीन म्हणजे तीन जाडजूड रोलर. खालच्या दोघांवरून पत्रा सरकतो, वरचा त्याला दाबतो आणि पलीकडून तो गोलाई घेऊन बाहेर पडतो. दाबाचा स्क्रू मी फिरवतो, पत्रा धरायला पलीकडे मेहुणा असतो. धंदा दोघांचा, निम्मा-निम्मा. माझी बायको त्याची थोरली बहीण, त्यामुळे आमचं भांडण झालंच तर जेवायच्या वेळेपर्यंत विरून जायचं.

तेव्हा एका वाचनालयाच्या नव्या दालनाचं छत आमच्याकडे होतं. पांढऱ्या पत्र्याच्या कमानी, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. काम उरकत आलं होतं. दुपारी मी खिडकीजवळच्या कोपऱ्यात उभा राहून सांधे तपासत होतो. अगदी कानाशी मेहुण्याचा आवाज आला, सावकाश, दबका.

"तो नसेल तेव्हा मशीन हलवू."

मी वळून पाहिलं. दालन रिकामं होतं. खिडकीतून खाली डोकावलो तर मेहुणा फाटकाशी टेम्पोतून पत्रे उतरवत होता. त्याची पाठ माझ्याकडे होती.

गोल छत आवाज लांबवर नेतं, हे मला ठाऊक आहे. एका कोपऱ्यातली कुजबुज समोरच्या कोपऱ्यात स्वच्छ ऐकू येते. तो फोनवर बोलला असेल, आवाज खिडकीतून वर आला असेल, अशी मी मनाची समजूत घातली. पण अढी बसायची ती बसलीच. तो फोन घेऊन बाहेर गेला की माझे कान टवकारायचे. शेवटी मी वर्कशॉपला आणखी एक कुलूप लावलं आणि त्याची किल्ली स्वतःकडेच ठेवली.

त्याने कुलूप पाहिलं. मग पत्र्यावरचं तेल पुसता पुसता त्याने विचारलं, "भावोजी, मशीन कुठे हलवताय?"

"मी?"

"खिडकीजवळच्या कोपऱ्यात ऐकलं मी. तुमचाच आवाज होता. तो नसेल तेव्हा हलवू म्हणालात."

मी जे ऐकलं होतं ते त्याला सांगितलं. त्याला ते पटलं नाही. खरं सांगायचं तर मलाही त्याचं पटलं नाही. तरी दोष गोलाईचाच, असं आम्ही एकमेकांच्या डोळ्यांत न बघता ठरवून टाकलं. कोपऱ्यातले पत्रे उतरवले, रोलरमधून पुन्हा काढले, बाक कमी केला. स्क्रू मी फिरवला तेव्हा तो शेजारी येऊन उभा राहिला. प्लायमधून कापलेल्या गोलाईच्या फर्म्याला लावून प्रत्येक पत्रा दोघांनी पाहिला. सगळे बरोबर होते. परत चढवले.

आता छत तपासायचं, तर दोघांपैकी एकाचाही दुसऱ्याच्या शब्दावर भरवसा नव्हता. म्हणून बायकोला बोलावून घेतलं. ती आधी हसली, दोघांनाही वेड्यात काढलं. मग पर्स खांद्याला तशीच ठेवून दालनाच्या मधोमध उभी राहिली. मी एका कोपऱ्यात, मेहुणा समोरच्या. कोणीही बोलायचं नाही, असं ठरलं होतं.

खिडक्या बंद केल्या. पंखे बंद केले.

मला काहीच ऐकू आलं नाही.

मेहुण्याने लांबूनच मान हलवली. त्यालाही नाही.

बायकोने मात्र चेहरा वर केला होता. ती ऐकत होती. तिच्या ओठांवरचं हसू हळूहळू मावळलं. मध्येच तिने माझ्याकडे पाहिलं, मग भावाकडे. रस्त्यात कोणी पत्ता विचारावा आणि आपण त्याला न्याहाळावं, तसं.

"बरं," छताकडे बघत ती हलकेच म्हणाली. "नाही सांगणार त्यांना."

काय ऐकलंस, असं मी विचारलं. भावानेही विचारलं. पंख्याची बटणं लावत ती म्हणाली, काही नाही, छत छान झालंय. त्या रात्री आमची जेवणं कधी नव्हे इतकी मुकाट्याने झाली.

थोड्या दिवसांनी तिने आमच्या पलंगाच्या वर छताला लावायला तसाच एक पत्रा मागितला. कशाला, हे विचारायचं माझ्या जिवावर आलं. मी पत्रा वाकवला, घरी आणला आणि बसवायला शिडीवर चढलो. गोलाई कोणाकडे झुकती ठेवू, असं वरूनच विचारलं.

तिने खालून शिडी घट्ट धरली होती.

"माझ्या उशीकडे," ती म्हणाली. "फक्त माझ्या."