नारिंगी दोराचं वेटोळं

"हेल्मेट?" मामाने विचारलं.

"आहे!"

"कमरपट्टा?"

"आहे!"

"खाऊचा डबा?"

"रिकामा आहे," भोपळ्या प्रामाणिकपणे म्हणाला.

मामा खो खो हसला. हा मामा आठवडाभर लोकांचे दात काढायचा आणि सुट्टीच्या दिवशी, निव्वळ हौस म्हणून, अवघड झाडं उतरवायचा. आजचं झाड शेजारच्या काकांचं होतं. पार वाळलेलं, आणि नेमकं त्यांच्याच स्वयंपाकघराच्या छपरावर कललेलं! त्यामुळे बाजूच्या धडधाकट झाडाला दोर बांधून त्यावर लटकायचं, शेंड्यापासून तुकडे कापायचे आणि एकेक अलगद खाली सोडायचा, असा बेत होता.

मामाची भाची खारू, तिचा धाकटा भाऊ भोपळ्या आणि त्यांचा मित्र शंकासुर यांच्याकडे खालची कामं होती. मामाचा नियम एकच. खालचं कुणीही 'थांब' म्हणालं, की काम थांबलंच पाहिजे.

खारूने पिशवीतून मामाचा नारिंगी दोर काढला आणि ती चमकली. दोराचं छान गोल वेटोळं घातलेलं होतं. मामा वेटोळं कधीच घालत नाही! गुंता होऊ नये म्हणून तो दोर पिशवीत सुटाच सोडतो.

शंकासुराने दोर हुंगला. "ऑइलचा वास! मला शंका येतेय."

"तुला कधी येत नाही?" भोपळ्या म्हणाला.

"आटपा की डॉक्टर!" काका पायरीवरून ओरडले. "माझा चहा गार झाला!"

"आण गं दोर," मामा म्हणाला. "कालच तपासलाय मी."

खारूने दोर पाठीमागे धरला. उगाच खोळंबा केला म्हणून मोठे रागावले तर? पण या दोरावर मामा लटकणार होता, तिचा एकुलता एक मामा!

"थांब!" ती ओरडली.

मामा जागच्या जागी थांबला. नियम म्हणजे नियम!

ऑइलचं नाव ऐकून गाडीकडे पळालेला भोपळ्या तेवढ्यात धापा टाकत आला. "काकांच्या गाडीची चाकं चिखलाने माखलीत! आणि मागच्या हुकात हे अडकलं होतं!" त्याच्या चिमटीत नारिंगी धागे होते.

"काका, गाडी रुतली होती का?" शंकासुराने विचारलं.

"छे! भलतंच काय! दोराला मी हातसुद्धा लावलेला नाही!"

काकांनी दोराला हात लावला, असं तर कुणी म्हटलंच नव्हतं! खारूने गालातल्या गालात हसू दाबलं.

"मग दोर ठणठणीतच असणार, काका. आधी तुम्हीच लटका ना! फार उंच नाही, त्या पहिल्या फांदीवरून."

"मी? अगं, माझी कंबर..."

"कमरपट्टा आहे की!"

काकांना घाम फुटला. "सांगतो, सांगतो! सकाळी चाक खड्ड्यात गेलं. डॉक्टरांची झोपमोड नको म्हणून त्यांच्या दारातल्या पिशवीतला दोर घेतला. दोनच हिसके दिले हो! नंतर नीट गुंडाळूनसुद्धा ठेवला!"

मामाने दोर बोटांतून सरकवायला सुरुवात केली. मधोमध त्याची बोटं थबकली. वरचं विणकाम शाबूत होतं, पण आतला गाभा चेपून मऊ पडला होता. मामाचा चेहरा पांढराफटक झाला. त्याने तिथल्या तिथे दोराचे दोन तुकडे केले, म्हणजे चुकूनही कुणी तो वापरायला नको.

मग दुसरा दोर आला. तो मामाने तीनदा चाचपला आणि खारूने चौथ्यांदा. दुपारपर्यंत शेवटचा ओंडका जमिनीवर टेकला. छपराला ओरखडासुद्धा नाही! फांद्या वाहून वाहून काकांचा जीव मात्र मेटाकुटीला आला होता.

"पोरांनो, चुकलो मी," ते म्हणाले. "तुमच्याइतकी अक्कल मला असती तर!"

"चूक माझीही आहे," मामा म्हणाला. "चढण्याआधी दोर चाचपायचाच असतो. आज मी आळस केला. खारू, तू थांबवलं नसतंस तर..."

खारूला एकदम रडू आलं. भुशाने भरलेल्या मामाच्या गळ्यात तिने हात टाकले. "पुन्हा आळस केलास ना, तर आईला सांगेन!"

"ताईला नको गं!" मामा दचकून म्हणाला. एवढ्या उंच झाडाला न घाबरणारा मामा थोरल्या बहिणीच्या नुसत्या नावाने गारठला, आणि काकांसकट सगळे पोट धरधरून हसले.