बेचाळिसावा कागद

लॉन्सेस्टनच्या आमच्या वनस्पती-संग्रहात वाळवलेलं झाड एकदा कागदावर चिकटवलं की मग त्याचं नाव दहादा बदललं तरी नावाची जुनी चिठ्ठी कोणी काढत नाही. नवी तिच्या वर लावायची. सत्तावीस वर्षं डिंकाचा ब्रश हातात धरून मी हेच केलं.

एनिड ट्रेगोवनबाईंनी डोंगरातल्या एका झुडपासाठी स्वतंत्र कुळ मांडलं होतं. एक्केचाळीस कागद, प्रत्येकावर त्यांची निळ्या शाईतली चिठ्ठी. बाई गेल्या, मागे एवढंच उरलं. मार्चमध्ये डीएनएचा अहवाल आला आणि ते कुळ दुसऱ्या मोठ्या कुळात जमा झालं. ते मला मान्य होतं. पण आमचा नवा प्रमुख डेक्लन पातं घेऊन बसला आणि बाईंच्या चिठ्ठ्या खरवडू लागला.

"या कागदांचे फोटो काढायचेत, ते स्वच्छ हवेत, मॉयरा."

"चूक असली तरी ती त्यांची आहे. हात लावू नकोस."

"हे तुझ्या लाडक्या बाईंचं थडगं नाहीये."

माझं डोकं तडकलं. त्याने माझ्यादेखत सगळ्या चिठ्ठ्या कागद फाडायच्या यंत्रात घातल्या.

दुसऱ्या सकाळी त्या जागच्या जागी होत्या. अक्षर बाईंचंच. डिंक अजून बोटाला लागत होता.

"नाटकं बंद कर," डेक्लन म्हणाला.

"मला करायचं असतं तर तुझ्या तोंडावर केलं असतं."

त्याने त्या पुन्हा खरवडल्या, कपाटाला कुलूप घातलं आणि किल्ली दोरीत ओवून गळ्यात अडकवली. "आता लाव डिंक," म्हणाला.

बुधवारी तो उशिरा आला. उकाड्यातही कॉलर वर केलेली. किल्ली सापडत नव्हती. पहारेकऱ्याने कुलूप तोडलं.

चिठ्ठ्या परत आल्या होत्या. तळाशी एक कागद जास्तीचा होता.

त्यावर झाड नव्हतं. किल्ली होती. दोरी फांदीसारखी नीट पसरून कापडी पट्ट्यांनी चिकटवलेली. उजव्या कोपऱ्यात, नमुना कुठून आणला ते सांगणारी चिठ्ठी, निळ्या शाईत.

डेक्लनने ती वाचली. मग कॉलरच्या आत बोट घातलं.

मला त्याची दया आली नाही. अजूनही येत नाही.

चिठ्ठीवर तारीख कालची होती. ठिकाण: डेक्लनचं घर, वरची खोली, खिडकीकडची उशी.

खाली शेरा: नमुना अपुरा. पुन्हा जावं लागेल.