एकतीस नंबरचे थेंब

प्रयोगशाळेत तिला सगळे चाळणीबाई म्हणत. तोंडावर नाही, पण तिला ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडायचंही. टपालानं जाड कागदाची कार्डं यायची, प्रत्येकावर रुग्णाच्या बोटातून पाडून सुकवलेले रक्ताचे चार थेंब. थेंब गोल हवा, शेजारच्याला चिकटलेला नको. जरा वेडावाकडा दिसला की बाई कार्ड परत धाडत. पास झालेल्या थेंबातून पंचनं डाळीएवढी चकती काढायची आणि रक्तात औषध किती उतरलंय ते मोजायचं, हे तिचं काम. रुग्ण सगळे एकाच संशोधन-अभ्यासातले, कंपवाताचे. कंप आवरायला त्यांच्या मेंदूत बारीक तार बसवली होती आणि छातीच्या कातडीखालच्या बॅटरीतून त्या तारेला सतत हलका वीजप्रवाह मिळत होता.

एकतीस नंबर म्हणजे तिचे वडील. त्यामुळे त्यांची कार्डं प्रयोगशाळेचे प्रमुख सर स्वतः पुन्हा तपासून मागे सही करत. औषधाचा आकडा नेहमी बरोबर यायचा. सुरुवातीला, यंत्र नीट जुळेपर्यंत, बाबांचा हात उडायचा आणि कार्डावर नुसते फराटे उठायचे. तिनं तीनदा कार्ड परत पाठवलं होतं. सख्ख्या बापालाही सोडत नाही म्हणून आई आठवडाभर तिच्याशी धड बोलली नव्हती. मग गोल थेंब यायला लागले ते दोन वर्षं, न चुकता.

आज बॅटरी संपत आली म्हणून बाबांना इस्पितळात बोलावलं होतं. धाकटा भाऊ आईबाबांना घेऊन गेला होता. सव्वाअकराला यंत्र बंद करून अर्धा तास बघायचं, हात पूर्वीसारखा उडाला तर नवी बॅटरी घालायची, नाहीतर यंत्रच काढून टाकायचं, असं ठरलं होतं. बाबांचे ते दिवस परत येतील या धास्तीनं सकाळपासून तिचा जीव टांगणीला लागला होता. हाताला काही चाळा हवा म्हणून साडेअकराच्या सुमारास तिनं एकतीस नंबरचा डबा उघडला.

वरचंच कार्ड बघून तिच्या कपाळाला आठी पडली. चारही थेंब फरपटलेले. असलं कार्ड आपण पास केलंच कसं?

मग तिला भोक दिसलं. तिनंच पाडलेलं, पंचचं नेमकं गोल भोक. ते कोऱ्या पांढऱ्या कागदात होतं. रक्त त्याच्या बाजूनं नागमोडी गेलेलं.

तिनं दुसरं कार्ड काढलं. तिसरं. मग सगळी टेबलावर पसरली. शंभरावर कार्डं, आणि प्रत्येकावर पांढऱ्यातच भोक.

तिनं सरांना हाक मारली. सरांनी चष्मा पुसून पुन्हा लावला. कार्ड उलटून मागची सही पाहिली.

"हे गोल होते," ते म्हणाले. "मी तपासलेत."

"हो."

"बत्तीसचा डबा बघा."

बत्तीसचे सगळे गोल होते. तेहतीसचेही. सरांनी एकतीसच्या फराट्यावरून हातमोज्याचं बोट फिरवलं. खडखडीत सुकलेलं. मग ते खुर्चीत बसले.

तिनं भावाला फोन लावला. त्याचा आवाज आनंदानं फुलला होता.

"ताई, कमाल झाली. यंत्र बंद केलंय, आणि बाबांचा हात जराही हलत नाही. डॉक्टर म्हणतात, असं कधी पाहिलंच नाही. ऑपरेशनचं टेबल रिकामंच होतं, म्हणून काढायला लगेच आत नेताहेत."

तिला हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

"आई कुठंय?"

"इथंच, बाकावर. सव्वाअकरापासून थंडी वाजतेय म्हणते. मघाशी पाणी सांडलं तिनं अंगावर."

"तिला दे."

फोन आईच्या कानाशी पोचला. पलीकडे काहीतरी बाकावर टकटक वाजत होतं.

"आई, कार्डावरचं रक्त कुणाचं?"

पलीकडची टकटक वाढली.

"रागवू नकोस गं. त्यांचे थेंब धड पडेनात आणि तू परत पाठवायचीस. अभ्यासातून काढतील अशी भीती वाटली. म्हणून मी माझंच बोट टोचलं. मग मध्येच बदललं तर तुला कळेल म्हणून... दर वेळी माझंच."

"पण त्यात औषध सापडायचं, आई. तू बाबांची गोळी घ्यायचीस?"

"छे गं. मी कशाला घेऊ?"

टेबलावर शंभर कार्डं पसरली होती.

"आई, फोन त्याला दे. आत्ताच्या आत्ता."

भाऊ आला.

"यंत्र काढू देऊ नकोस. चालू करायला सांग. आधी चालू करा."

"काय बोलतेस तू? बाबा गेले पण आत. स्वतः सही केली त्यांनी, काय वळणदार अक्षर आलं." तो हसला. "उलट आईलाच साक्षीदाराची सही जमेना. शेवटी डॉक्टरांनी तिचा अंगठा घेतला."

"मग?"

"मग काय, चार वेळा घेतला. एकही उमटला नाही धड. नुसते फराटे."