बिनरंगाची सोंगटी

वर्षाच्या शेवटच्या आठवड्यात दुकानात दोनच मोठी कामं असत. उरलेला माल मोजायचा आणि ग्राहकांना पत्र लिहायचं. मोजणं धाकटीकडे, लिहिणं दादाकडे.

दुकान म्हणजे छापखान्याच्या वरच्या दोन खोल्या. पाटी नाही, काउंटर नाही, जिना चढून येणारं गिऱ्हाईक नाही. लोक घरी बसून वेबसाइटवर खेळ निवडत आणि इथून खोकी जात. पहिल्या खोलीत छताला टेकलेली कपाटं, दुसरीत एक लांब टेबल, चिकटपट्टीची रिळं, दोन संगणक आणि धाकटीचा काटा. खाली छपाईचं यंत्र सुरू झालं की टेबल बारीक थरथरे. म्हणून काट्याखाली तिने रबराचे चार तुकडे लावले होते.

धाकटी पदार्थविज्ञान शिकलेली. परत आलेल्या खोक्यातल्या सोंगट्या, पत्ते, फासे मोजत बसायला तिला वेळ नव्हता. प्रत्येक खेळाचं पूर्ण भरलेलं वजन तिने वहीत लिहून ठेवलं होतं. खोकं काट्यावर ठेवायचं आणि आकडा जुळला की झालं.

"शास्त्रज्ञबाई, एखाद दिवस आम्हालाही वजन करून जेवायला वाढाल," असं दादा म्हणायचा.

"तुला वाढायचं तर धान्याचा काटा लागेल," ती म्हणायची.

परतीचा नियम बाबांचा. दुकान त्यांनीच सुरू केलं होतं. वर्ष संपेपर्यंत कधीही खेळ परत करा, कारण विचारणार नाही. "कारण विचारलं की माणूस खोटं बोलतो. कशाला त्याला पाप लावा?" असं ते म्हणत. बाबांना जाऊन चौदा महिने झाले होते. नियम तसाच होता.

यंदाची पहिली विचित्र गोष्ट होती चार पूर्णांक दोन ग्रॅमची.

'बेट' हा त्यांचा सगळ्यात खपणारा खेळ. चौघांनी खेळायचा, लाल, निळी, पिवळी आणि हिरवी अशा चार सोंगट्यांचा. भरलेल्या खोक्याचं वजन एक हजार तीनशे शहाऐंशी ग्रॅम. पुठ्ठा हवेतला ओलावा पितो, त्यामुळे दोन-तीन ग्रॅम इकडेतिकडे होतातच. म्हणून मार्चमध्ये पहिलं खोकं जड आलं तेव्हा तिने लक्ष दिलं नाही. एप्रिलमध्ये तीन आली. मग तिने पट, पत्ते आणि सोंगट्या वेगवेगळ्या तोलल्या. पट बरोबर, पत्ते बरोबर, सोंगट्या मात्र पाच.

पाचवी साध्या लाकडाची होती. तिला रंग नव्हता, पॉलिश नव्हतं. मान जरा बारीक, डोकं गोल. वजन चार पूर्णांक दोन.

"कारखान्याची चूक," दादा म्हणाला.

"मग जाताना खोकं जड का नव्हतं? पाठवतानाचं वजन मी लिहिलेलं आहे."

"मग गिऱ्हाइकाने घातली असेल. बक्षीस समज."

डिसेंबर संपत आला तोवर अशी एकतीस खोकी परत आली होती, वेगवेगळ्या शहरांतून. एकतीस सोंगट्या तिने टेबलाच्या खालच्या ड्रॉवरमध्ये टाकल्या होत्या. टाकताना त्या आडव्या पडत. दुसऱ्या दिवशी ड्रॉवर उघडला की उभ्या असत. छपाईच्या यंत्राची थरथर, तिने वहीत लिहिलं. मग त्यापुढे प्रश्नचिन्ह काढलं. थरथरीने उभ्या वस्तू आडव्या होतात, आडव्या उभ्या होत नाहीत.

वर्षाच्या शेवटच्या दिवशी सकाळी दादाने गेल्या वर्षीचं पत्र उघडलं. बाबांपासूनची पद्धतच ती. जुनं पत्र घ्यायचं, आकडे बदलायचे, आभार तेच ठेवायचे आणि शेवटी येत्या वर्षासाठी एक इच्छा लिहायची. गेल्या वर्षीची इच्छा धाकटीने लिहिली होती. बाबांना जाऊन तेव्हा दोनच महिने झाले होते, आणि लिहिताना तिच्यासमोर आई होती, रविवारी पट मांडायला नको म्हणणारी.

दादाने ती मोठ्याने वाचली. "ज्यांच्या पटाभोवतीची एक जागा रिकामी झाली आहे, त्यांची ती जागा येत्या वर्षी भरो." मग म्हणाला, "छान लिहिलं होतंस गं. किती जणांची उत्तरं आली होती! हीच ठेवू का?"

धाकटीचा हात वहीवर थांबला.

त्या उत्तरांचा गठ्ठा तिने कपाटावरून काढला. परतीच्या चिठ्ठ्या शेजारी ठेवल्या आणि नावं जुळवत गेली. आमचे आजोबा गेले, तुमची इच्छा वाचून बरं वाटलं. माझी बहीण गेली, जागा भरो. नवरा. मुलगा. एकतीसपैकी एकतीस.

नियम मोडून तिने एका चिठ्ठीवरचा नंबर फिरवला. पलीकडे निवृत्त शिक्षिका होत्या. आवाज खणखणीत, फळ्यासमोरचा.

"कारण विचारणार नाही असं लिहिलंय तुम्ही," त्या म्हणाल्या.

"हो. तरी विचारते. चुकलं तर फोन ठेवा."

"आमच्याकडे कुणीतरी यायला लागलं. ह्यांच्या खुर्चीवर. आधी मला वाटलं हेच आले. रडले मी आनंदाने. पण ह्यांची हिरवी सोंगटी. तिला तो शिवेना. स्वतःची घेऊन आला होता."

"दिसायचा?"

"गादी दबलेली दिसायची. त्याची पाळी आली की सोंगटी पुढे गेलेली दिसायची. काही त्रास नाही हो. फक्त तो उठत नाही. मग आम्हीही उठेनासे झालो. एकदा मी सकाळी बसले ती दिवे लागल्यावर उठले. भूक नाही, तहान नाही, पाय सुजून भोपळा. सून म्हणाली, आई, तुम्ही निम्म्या झालात. त्याच दिवशी खोकं परत पाठवलं. कुरिअरवाला जिना उतरला आणि इकडे गादी वर आली. बाळ, एकच विचारते. आता तो तुमच्याकडे आहे ना?"

धाकटीने ड्रॉवरकडे पाहिलं. "हो."

फोन ठेवल्यावर तिच्या कानात एकच शब्द राहिला. पाय.

आईचे पाय ऑगस्टपासून सुजत होते. रक्तदाबाच्या गोळीने होतं, डॉक्टर म्हणाले होते. आईचे ब्लाउज सैल झाले होते. ती अलीकडे गुणगुणायची, संध्याकाळी मोरीत दोन कप असायचे, आणि धाकटी समजत होती की शेजारच्या काकू येत असतील. जगातली खोकी ग्रॅममध्ये तोलली आणि घरातलं माणूस निम्मं झालेलं दिसलं नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

"दादा, आईच्या वाढदिवसाला तू खेळ कुठला दिला होतास?"

"बेट. आपला जुना पट तिला बघवत नव्हता ना. का?"

"ती इच्छा पत्रात ठेवू नकोस. काढून टाक. काहीही झालं तरी ती ओळ नको." ती जिन्याच्या तोंडाशी पोचली होती. "आणि परतीची मुदत आज पाचला संपते ना? मी एक खोकं घेऊन येते."

"कुणाचं?"

ती उतरून गेली होती.

घर चालत वीस मिनिटांवर. दुपारचे तीन वाजत होते. स्वच्छ ऊन होतं, समोरच्या इमारतीत कुणीतरी चादर झटकत होतं. तिने दार आपल्या किल्लीने उघडलं.

आई स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली होती. पट मांडलेला. लाल, निळी, हिरवी घरात उभ्या. पिवळी, आईची, बेटाच्या मध्यावर. तिच्या दोन घरं मागे बिनरंगाची.

समोर बाबांची खुर्ची, टेबलापासून थोडी सरकवलेली. तिच्या पुढ्यात चहाचा कप होता. गादी मधोमध दबलेली होती.

"आज लवकर?" आई म्हणाली. मान तिने वर केली नाही. "चपला तरी काढ."

"आई, ऊठ."

"थांब गं. पाळी चाललीय."

"आई, हे बाबा नाहीत."

"मला सांगतेस?" आई हसली. "चौतीस वर्षं संसार केला मी. तुझे बाबा हरायला लागले की पाणी प्यायच्या निमित्ताने उठायचे आणि येताना फासा हलवायचे. हा उठत नाही. लबाडी करत नाही. बाबा कुठले!"

"मग कशाला बसतेस?"

आईने आता वर पाहिलं. गालांची हाडं इतकी वर आलेली धाकटीला कधी दिसलीच नव्हती.

"दुपारी तीन वाजता हे घर केवढं मोठं होतं, ठाऊक आहे तुला? तू येतेस सात वाजता."

धाकटीने आईकडे पाहिलं, फक्त एवढंच केलं, आणि नजर पटावर परत आणली तेव्हा बिनरंगाची सोंगटी पिवळीच्या शेजारी होती.

कपातला चहा एक बोट खाली गेला होता.

ती खाली बसली, आईच्या पायांशी. घोट्याच्या वर अंगठा दाबला. खड्डा पडला. तिने मनात सेकंद मोजले. वीस झाले तरी तो भरला नाही.

"मी दुपारी घरी थांबेन," ती म्हणाली. "उद्यापासून. दादाला सांगते, अर्धा दिवस. आपण दोघी खेळू, नाहीतर भांडू. पण हे खोकं मला दे. मुदत पाचपर्यंत आहे."

"रोज थांबशील?"

"रोज."

आईने स्वतःच्या हाताने पत्ते गोळा केले, पट मिटला. लाल ठेवली, निळी ठेवली, पिवळी, हिरवी. शेवटी बिनरंगाची उचलली, हातात क्षणभर धरली आणि खोक्यात ठेवली.

"वाईट नव्हता गं," ती म्हणाली.

धाकटीने झाकण लावलं, सुतळी बांधली, दोन गाठी मारल्या. निघताना आई टेबलाला धरून उभी राहिली होती. सहा महिन्यांत पहिल्यांदा दुपारी उभी. खुर्चीतली गादी अजून दबलेली होती. कुरिअरवाला जिना उतरला आणि गादी वर आली, असं बाई म्हणाल्या होत्या. होईल. धाकटी जिना उतरली.

तिने खोकं छातीशी धरलं. वाटेत कुठेही टेकवलं नाही.

दुकानात पोचली तेव्हा चार वाजायला दहा मिनिटं होती. दादा खुर्चीत रेलून, हात डोक्यामागे घेऊन बसला होता.

"झालं बाबा एकदाचं! पत्र गेलं."

"ओळ काढलीस ना?"

"काढली. तू एवढी ओरडून गेलीस, न काढून सांगतोय कुणाला. मग म्हटलं, या वेळी आपली घालावी. साधी, दुकानदाराची."

खोकं तिने काट्यावर ठेवलं. खाली यंत्र बंद होतं. आकडे धावले, डळमळले, थांबले.

एक हजार तीनशे शहाऐंशी.

पॉइंट शून्य.

तिने खोकं उचलून पुन्हा ठेवलं. तोच आकडा.

"काय घातलीस?" तिने विचारलं.

दादाने पडद्यावरून वाचलं. त्याला स्वतःचं कौतुक वाटत होतं. "येत्या वर्षी आमच्याकडून गेलेला एकही खेळ परत न येवो. जो ज्याच्या घरी गेला, तो तिथेच रमो." त्याने मान वळवली. "बरी आहे ना? साडेतीनला पाठवली. अकरा हजार लोकांना."

साडेतीनला ती छापखान्याच्या अलीकडच्या वळणावरसुद्धा आली नव्हती. नुकतीच घरातून निघाली होती.

सुतळीच्या दोन्ही गाठी जशाच्या तशा होत्या. तिने कात्रीने कापल्या.

लाल. निळी. पिवळी. हिरवी.

"काय गं? अशी का पांढरी पडलीस?"

तिने खालचा ड्रॉवर ओढला. तो सहज, हलका होऊन बाहेर आला. तळाशी बारीक धूळ साचली होती. त्या धुळीत वाटाण्याएवढी स्वच्छ वर्तुळं होती, उभ्या राहिलेल्या सोंगट्यांच्या बुडांची. ती मोजायची तिला गरज नव्हती. तरी तिने मोजली.

टेबलावरचा फोन वाजला. दादाने उचलला, ऐकलं, हसला आणि तिच्यापुढे धरला. "आई आहे. किती दिवसांनी एवढी खुशीत!"

"अगं," आई म्हणाली, "घाई करू नकोस, सावकाश ये. तुझी लाल मांडून ठेवलीय. तू येईपर्यंत आम्ही उठत नाही."

धाकटीने खोक्यात पाहिलं. लाल सोंगटी मघाशी तिथे होती.