शुक्रवारची पाहणी

तो दिवा जरा इकडे सरकव, उन्नती. लाईट येईल तासाभरात, शुक्रवारी संध्याकाळी जातेच. किल्ली तुझ्या हातात देऊन मी लगेच निघणार होते, पण तू विचारलंसच म्हणून बसते. घरमालकाने भाड्याच्या घरात किती वेळा येऊन पाहणी करावी? तुझा नवा मालक, मितेश, तुला सांगेल की वर्षातून एकदा. तो तेवढाही येणार नाही. पण त्याच्या वडिलांची गोष्ट वेगळी होती, आणि ती ऐकल्याशिवाय तू या घरात राहू नयेस असं मला वाटतं.

मी इथे भिवंडीजवळ, शेलारला राहायला आले तेव्हा सगळ्यात आधी दाराला नवं कुलूप आणायला गेले होते. कारण साधं. दापोड्याच्या गोदामातल्या ऑफिसातून पहिल्या शुक्रवारी घरी आले, तर मोरीपाशी ओल्या पायांचे ठसे, माझा पाण्याचा पेला पालथा घातलेला, आणि मागच्या खोलीतली खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवलेली. शेजारच्या जानकीबाईंना विचारलं.

"नाना आलते ना," त्या म्हणाल्या. "पंढरीनाना. दर शुक्रवारी येतान, घर बगाया."

"मला न विचारता?"

"त्यांचंच घर हाय ना बाय."

हेच ते! गणेशपुरीजवळच्या आमच्या घरात माझं कपाट माझे दोन्ही काका उघडून बघायचे, का तर 'आपलीच पोरगी आहे'. तिथून भांडून बाहेर पडले ती कोणा म्हाताऱ्याने माझी मोरी तपासावी म्हणून नाही. पुढच्या शुक्रवारी मी अर्धी सुट्टी टाकून दारातच बसले.

दुपारी काठीचे दोन ठोके वाजले. नाना. पांढरा सदरा, उंच, वाकलेले. मला बघून ते दचकले, चोरी पकडली गेल्यासारखे.

"बाय, जरा बगून जातो. भिंतीला ओल हाय का ती."

"ओल मी बघेन. तुम्ही वरचेवर यायचं काही कारण नाही, नाना. तीन महिन्यांतून एकदा या. आणि रविवारी या, मी घरी असते तेव्हा. निघताना मिस कॉल द्या. दारात उभं राहून विचारा, मी 'या' म्हटलं की आत या. करारात तसंच आहे."

"रविवारी..." ते शेजारच्या लूमच्या, यंत्रमागांच्या, शेडकडे बघत म्हणाले. "रविवारी लूम चालू असतान गं."

"मग? भिंतीची ओल लूम चालू असताना दिसत नाही का?"

 ते उभे राहिले, माझ्या खांद्यावरून मागच्या खोलीकडे बघत. मग काठी टेकत निघून गेले. मला जिंकल्यासारखं वाटलं. अजूनही सांगते, न विचारता आत येणं चूकच होतं. त्यात मी एक अक्षर मागे घेणार नाही.

रविवारी ते आले. आधी मिस कॉल, मग काठीचे दोन ठोके, मग दारात थांबले. मी 'या' म्हटलं. शेजारी खटाखट खटाखट, तुला कळेलच, आपलं स्वतःचं बोलणंही ऐकू येत नाही. नाना मागच्या खोलीत जाऊन भिंतीला कान लावून उभे राहिले. ओल कानाने कोण बघतं? बराच वेळ. मग डोळे पुसत बाहेर आले. मला म्हणाले, "सगला बरा हाय." पण ते मला विचारत होते की सांगत होते, ते कळलं नाही.

त्यानंतर या घराची तऱ्हाच बदलली.

एकदा मला ताप आला आणि मी शुक्रवारी घरीच राहिले. भिवंडीतल्या शुक्रवारची शांतता तुला नवी आहे, म्हणून सांगते. सहा दिवस लूम छातीत धडधडत असतात. ते थांबले की आधी आपल्याच कानांत शिट्टी वाजते, मग हळूहळू घर ऐकू यायला लागतं. माठातून थेंब गळतो ते. पाल भिंतीवर सरकते ते. दुपारची वेळ, लाईट गेलेली, पंखा थांबलेला. सुताला लावलेल्या खळीचा आंबूस वास रोजच असतो. त्या दिवशी त्यात दुसरा वास मिसळला. भाजलेल्या तंबाखूचा. मिश्रीचा. माझी आजी तव्यावर करायची तसा.

मग काचेच्या बांगड्या वाजल्या. मागच्या खोलीत.

मला वाटलं जानकीबाई. हाक मारली. उत्तर नाही. बांगड्या मागच्या खोलीतून पुढे आल्या, माझ्या गादीजवळून गेल्या, दारापाशी थांबल्या. दाराची कडी सावकाश वर गेली. थोडा वेळ तशीच राहिली. मग खाली आली. पुन्हा वर गेली... पुन्हा खाली. कोणीतरी दारात वाट बघत होतं, आणि वाट बघून कंटाळत नव्हतं. ऊन फरशीवरून भिंतीवर चढलं तरी ती कडी वर-खाली होत राहिली.

ताप, असं मी स्वतःला समजावलं.

पुढच्या शुक्रवारी ऑफिसातून आले तर दार सताड उघडं. त्या घडवंचीवर, माठाशेजारी, एक पितळी तांब्या काठोकाठ भरलेला. तो माझा नव्हता. मी तो मागच्या माळ्यावर, जुन्या सामानात पाहिला होता. त्याच्या पुढच्या शुक्रवारी मी दिवेलागणीला घरात पाऊल टाकलं आणि मिश्रीचा वास इतका जवळ आला की मी मान वळवली नाही. कानाशी, अगदी हळू, दमलेल्या आवाजात कोणी म्हणालं,

"त्यांना... तू काय सांगितलास गं?"

मी किंचाळले नाही.  रागावलेला आवाज असता तर मी उलट बोलले असते, माझा स्वभाव एव्हाना तुला कळलाच असेल. पण तो आवाज रागावलेला नव्हता. एखादीचा माणूस जेवायच्या वेळेला परत येत नाही, तेव्हा ती शेजारणीला विचारते ना, तसा होता.

दुसऱ्या दिवशी मी भिवंडीत मितेशच्या फ्लॅटवर गेले. लिफ्टवाली इमारत, सातवा मजला. नाना खिडकीपाशी बसले होते, एकदम वाळलेले.

"नाना, माझ्या घरात कोण आहे?"

त्यांनी आधी दार लोटून घेतलं. मग म्हणाले, "राही."

राहीबाई. त्यांची बायको. त्या मागच्या खोलीतच वारल्या होत्या, मी यायच्या आधी. मुलगा फ्लॅटमध्ये चला म्हणायचा तेव्हा त्या म्हणायच्या, मी या घरातून हलणार नाही. आणि खरंच हलल्या नाहीत. नाना ओट्यावरून पडले, मितेशने त्यांना इकडे आणलं. घर अंधारात राहू नये म्हणून भाड्याने द्या, हा नानांचाच हट्ट.

"आमचं लगीन झाला तवापास्नं शेजारी लूम," नाना म्हणाले. "आठवडाभर आमी खुणांनीच बोलायचो. भाकर पायजे तर असा हात, पानी पायजे तर असा. शुक्रवारी लूम बंद, तवा बोलायचो. दुपारभर. काय काय साचलेला असायचा... इकडं येताना मी तिला सांगितला, शुक्रवारी येत जाईन."

"मग हे सरळ सांगायला काय झालं होतं? भिंतीची ओल कशाला?"

"काय सांगू? मेलेल्या बायकोशी गप्पा मारायला येतो? भाडेकरू टिकला असता?"

"मी टिकले असते."

"तू?" इतक्या दिवसांनी ते पहिल्यांदा हसले. "तू तर पोलिसात गेली असतीस गं बाय."

तुला सांगते, या पिढीचा मला याचाच संताप येतो. साधं वाक्य असतं, तोंडातून काढायचं नाही. आणि आपण काही केलं की मुकाट ऐकून घ्यायचं, वाळत जायचं. मी चिडून रडत होते आणि ते माझ्या पाठीवरून हात फिरवत होते, जणू चूक त्यांचीच.

शुक्रवारी मी त्यांना न्यायला रिक्षा घेऊन गेले. मितेश दारात आडवा. "डॉक्टरने पायऱ्या चढायला मना केलंय. काय बघायचंय त्या घरात? मी माणूस पाठवतो ना पाहणीला."

"तुमचा माणूस चालणार नाही," मी म्हटलं. "करारात घरमालक लिहिलंय."

इथे आलो. शांत होतं. मी दार उघडलं नाही. नानांनी काठीचे दोन ठोके दिले आणि सवयीने माझ्याकडे बघितलं. मी 'या' म्हणणार, तेवढ्यात कडी आतून निघाली.

ते आत गेले. मी बाहेर ओट्यावर बसले. ऐकायचं नव्हतं, पण शुक्रवार होता, सगळं ऐकू येत होतं. लिफ्टमध्ये पोटात गोळा येतो म्हणत होते. सुनेच्या हातच्या सुकटीला चव न्हाय म्हणत होते. मध्ये थांबायचे, ऐकल्यासारखे. मग "हां, हां" म्हणायचे. एकदा हसले. आणि त्यांच्या हसण्यात दुसरं एक हसू होतं, पदर तोंडाला लावून हसतात तसं. माझ्या अंगावर काटा आला, आणि मला तिथून उठावंसंही वाटेना.

बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा धुतल्यासारखा दिसत होता. "बाय, येत जाऊ ना मी?"

"दर शुक्रवारी या. पण निघताना मिस कॉल द्यायचा."

"देईन, देईन. एकच रिंग."

आणि त्यांनी एकदाही नियम मोडला नाही. शुक्रवारी दुपारी ऑफिसात फोन एकदा वाजून थांबायचा आणि मी मनात म्हणायचे, या.

पौषात नाना गेले. झोपेत. मी भेटायला गेले, परत आले, आणि मला राहीबाईची काळजी लागली. तिला कोण सांगणार? आता ती कडी वर-खाली करत बसणार, कायमची? त्या शुक्रवारी मी सुट्टी घेऊन घरी थांबले. सांगायचंच, असं ठरवून. वाक्यही जुळवून ठेवलं होतं.

दुपारी फोन वाजला. एकच रिंग. नानांचा नंबर.

मी मितेशला लगेच उलटा फोन लावला. तो म्हणाला, बाबांचा फोन कपाटात आहे, बॅटरी फुगून त्याचं झाकणही बसत नाही, कालच पाहिला. मी फोन खाली ठेवला तोवर दारावर काठीचे दोन ठोके पडले होते. आणि मग काही नाही. आत येत नव्हतं कोणी. थांबले होते.

 मी म्हटलं, "या..."

कडी निघाली. मी चपला हातात घेऊन बाहेर ओट्यावर जाऊन बसले. तेव्हापासून दर शुक्रवारी ऑफिसातून अर्धी सुट्टी मागून घेऊन मी तशीच बसत आले. घाबरायचे का? हो, दर वेळी. पण वाईट कधी वाटलं नाही.

म्हणून तर तुला हे सांगायला थांबले. माझी बदली कल्याणला झाली तेव्हा मला एकच घोर होता. नवी भाडेकरू रागीट निघाली, कुलूप बदललं, तर? तुला हात जोडून सांगणार होते, शुक्रवारी दुपारी कडी काढून ठेव, बाकी काही करू नकोस. तो पितळी तांब्या घासून, भरून, मी मुद्दाम इथेच ठेवला होता. त्यांचं ते त्यांच्या घरात राहू दे म्हणून. दाराला कुलूप लावलं आणि रिकाम्या हाताने कल्याणच्या नव्या खोलीची किल्ली घ्यायला गेले.

नवी कोरी इमारत. कोणी राहिलेलं नाही त्या खोलीत, भिंतींना अजून रंगाचा वास. मालक म्हणाला, सहा महिन्यांतून एकदा येऊन बघून जाईन. मी म्हटलं, चालेल. तो गेला. मी स्वयंपाकाच्या ओट्याकडे वळले.

तांब्या तिथे होता. काठोकाठ भरलेला. बाहेरून पाणी अजून ओघळत होतं.

दिवा घडवंचीवर धर, उन्नती. माठाशेजारी बघ. तांब्याच्या बुडाचा गोल दिसतोय ना, ओला? आठवडा झाला त्याला, अजून वाळला नाही. एवढं एक सोडलं तर इथे आता काही नाही. ऐक... आज शुक्रवार आहे, लूम बंद आहेत. माठाचा थेंब, पाल, बस्स. तू खुशाल राहा. ज्या बाईला पोटचा पोरगा या घरातून हलवू शकला नाही, ती माझ्यामागून आली. का, ते मी तिला विचारलेलं नाही.

थांब, माझा फोन. नको, उचलू नकोस. थांबला बघ, एकच रिंग. शिस्तीचा माणूस.

चल, निघते मी, तिकडे दारात थांबले असतील. नाही गं, शुक्रवार आहे म्हणून नाही. फोन कालही आला होता, परवाही. कल्याणला लूम नाहीत ना. तिकडे रोजच शुक्रवार.