फरक-चाचणी

मिरजेच्या ध्वनिजतन प्रयोगशाळेत अभिनंदन चौगुले त्या आठवड्यात तिसऱ्यांदा आले आणि दारातूनच भांडायला लागले.

डॉ. नसीम मुजावर त्यांचीच विद्यार्थिनी. ध्वनिमुद्रण त्यांच्याकडे शिकून ती पुढे जुनी सॉफ्टवेअर जिवंत ठेवण्याच्या कामाला लागली होती. सरांचा राग तिला नवा नव्हता. तिने खुर्ची पुढे केली, ते बसले नाहीत.

नव्या ध्वनिमुद्रण-प्रणालीने त्यांचा ‘सूरसाफ’ हा प्लगिन, म्हणजे आवाज साफ करणारा जोड-प्रोग्राम, नाकारला होता. तो वापरलेली एकही फाइल ती उघडत नव्हती, आणि त्या फाइलींत पद्मजाची अकरा गाणी अडकली होती. पद्मजा, त्यांची बायको, जाऊन दहा महिने झाले होते. पहिल्या स्मृतिदिनाला ती गाणी लोकांना ऐकवायची, एवढंच त्यांना हवं होतं. प्रणालीच्या कंपनीने कळवलं होतं की ऐकणाऱ्याला न सांगता आवाजातलं काही काढून टाकणारे प्लगिन आता चालणार नाहीत. काय काढलं, ते वेगळं ऐकवता आलं पाहिजे.

“केर काढल्यावर तो पाहुण्यांपुढे मांडतात का?” चौगुले म्हणाले. “कालची पोरं मला शिकवतात.”

नसीमने पुन्हा तेच समजावलं. प्लगिन मूळ आवाजाला हात लावत नाही. मूळ आवाज फाइलमध्ये जसाच्या तसा असतो, आणि दर वेळी ऐकवताना प्लगिन त्याच्यावर काम करतो. म्हणजे वहिनींचा मूळ आवाज ती पाच मिनिटांत काढून देऊ शकत होती.

“कच्चं नको. माझ्या स्टुडिओत कच्चं कुणी ऐकत नाही, तुला माहीत आहे.”

तिला माहीत होतं. मायक्रोफोनमधून आवाज थेट सूरसाफमध्ये जायचा, आणि तिथून गाणाऱ्याच्या आणि सरांच्या हेडफोनमध्ये. सूरसाफ त्यांनी स्वतः लिहिला होता, नऊ वर्षांपूर्वी, पद्मजाच्या दोनशे तासांच्या गाण्यावर शिकवून. तिचा खरा आवाज कसा, हे त्याला पाठ होतं. त्यात न बसणारं तो काढायचा. खुर्चीची करकर, खोकला, बोलणं, सुरातला कंप, सगळं. आणि कमी पडलेलं तो भरायचा. पुढे ज्याच्या-त्याच्या आवाजावर शिकवलेला सूरसाफ तेवीसशे गायकांकडे गेला.

“मग सेतूच बांधते,” नसीम म्हणाली.

नव्या संगणकाच्या आत तिने एक आभासी जुना संगणक उभा केला. प्लगिनला वाटावं, आपण आपल्याच काळात आहोत. नव्या प्रणालीला दिसावा फक्त सेतू. आवाज एका टोकाने आत, दुसऱ्या टोकाने बाहेर. कंपनीचा नियम राहिला होता, त्यासाठी तिने सेतूत फरक-चाचणी बसवली. साफ आवाजाची लाट उलटी करायची आणि मूळ लाटेत मिसळायची. दोन्हींत सारखं असेल ते एकमेकांना मारतं. उरतो तो फरक.

काम संपायला नऊ दिवस लागले. अकरा गाणी उघडली. पद्मजाचा आवाज खोलीत आला, स्वच्छ, सरळ. चौगुले पहिल्यांदा खुर्चीत बसले.

“आता फरक ऐकते, सर. कंपनीला लागणारी माझी सही त्याच्यावर होईल.”

पहिल्या गाण्याच्या फरकात बांगडीचा आवाज होता, पान उलटल्याचा होता. चौथ्या गाण्यात वरच्या षड्जाच्या जागी एक खरखर आली. सहाव्यात ती लांबली. नवव्यात तिचा षड्ज नव्हताच, फाटकी हवा होती आणि सूरसाफने भरलेला अख्खा सूर. अकरा गाणी चौदा महिन्यांत झाली होती आणि आजार त्यानंतर कळला होता.

चौगुल्यांना डॉक्टर आठवला. छातीतली गाठ स्वरयंत्राच्या नसेवर दाबत होती, असं तो म्हणाला होता. रोजच्या बोलण्यात लवकर कळत नाही, पण गाणाऱ्याचा वरचा सूर वर्षभर आधी बिघडतो. तुमच्या लक्षात कसं आलं नाही, असं त्याने विचारलं होतं. चौगुले त्याच्या अंगावर धावून गेले होते. तीस वर्षं मी कानावर पोट भरतोय, मला कळलं नसतं?

नवव्या गाण्याच्या शेवटी फरकात पद्मजाचं बोलणं होतं.

“अहो, वरचा सा लागत नाहीये. घशात नाही, खाली कुठेतरी अडकतंय.”

मग चौगुल्यांचा स्वतःचा आवाज, तिच्या शेजारी उभं राहून बोललेला. “हेडफोन लाव आणि ऐक. कुठे अडकतंय? मनाचे खेळ करू नकोस, पुढचं घे.”

हेडफोन उचलल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, “हो. यात तर नीट येतोय.”

नसीमने थांबवलं. चौगुल्यांनी समोरच्या टेबलावर मूठ आपटली, मग पुन्हा, मग नसीमने त्यांचा हात धरला.

“सर, डॉक्टरांनाही—”

“डॉक्टरचं नाव घेऊ नकोस. तिनं सांगितलं होतं. मला सांगितलं, आणि मी तिला यंत्र ऐकवलं.”

टेबलावरच्या पडद्यावर सेतूची बातमी ऐकून तो मागणाऱ्यांची यादी उघडी होती. सरांनी वाचली. सूरसाफ वापरणाऱ्या गायकांची पत्रं होती. सूरसाफ बंद पडल्यापासून ते हवालदिल झाले होते.

“किती आहेत?”

“चारशे अकरा. सेतू कधी देता, विचारतात.”

“कुणालाही द्यायचा नाही. आधी प्रत्येकाच्या जुन्या फाइली मागव आणि फरक काढ.”

“तोवर महिने जातील, सर.”

“मग मी फोन करतो.”

त्यांनी यादीतला पहिला नंबर लावला. सुनंदा माईणकर, बेळगाव. तिने फोन उचलताच बोलायला सुरुवात केली. बरं झालं सर, तुम्हीच केलात. सेतू लवकर द्या हो. नवीन मशीन अगदीच वाईट आहे, वर गेलं की माझा आवाज फाटलेला ऐकवतं. मशीन बदलून घेऊ का?

“मशीन ठीक आहे, सुनंदाताई,” चौगुले म्हणाले. “कधीपासून फाटतो, ते सांगा.”